रुळांकडची रांग

फ्राऊ हार्म्सच्या घरात सकाळचा पहिला आवाज कॉफीचा असायचा. कागदी फिल्टरमधून काचेच्या भांड्यात पडणारे थेंब, आणि त्यांच्या जोडीला रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाचा झोपाळू आवाज. मी माळ्यावरच्या खोलीत राहायचे. लाकडी जिन्यातून हे दोन्ही आवाज वर यायचे आणि मला कळायचं की खाली टेबलावर ब्रोट म्हणजे इथला जाड पाव, लोणी आणि घरचा मार्मेलाड मांडून झालाय. जर्मनीत हॅनोव्हरला मी पाण्याच्या इंजिनिअरिंगची मास्टर्स करायला आले होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, आणि तेव्हाही सांगायचे, कोणी विचारलं नसलं तरी. फ्राऊ हार्म्सनी पहिल्याच दिवशी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. मी आठवीनंतर बिस्किटांच्या कारखान्यात गेले. फावडं धरता येतं का?"

मला ते लागलं. फावडं धरावं लागू नये म्हणून तर शिकले होते. पण खोली देताना त्यांची अटच होती: शनिवारी बागेत मदत. खोली मिळत नव्हती, हिवाळा तोंडावर होता, म्हणून मी हो म्हटलं. त्या होकारानं माझी दोन वर्षं कशी बदलली हे आज, साठी जवळ आल्यावर, लिहायला बसलेय. माझी लेक इथेच वाढली. तिला हे सांगायला गेलं की ती जर्मनमध्ये "हो हो, आई" म्हणून मोबाइलमध्ये बघते, म्हणून कागदावर.

बाग घरामागे नव्हती. सायकलवर दहा मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांना लागून बागांची एक कोलोनी होती. शहरात घराला अंगण नसलेल्यांनी भाड्यानं घेतलेले जमिनीचे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपटं, सफरचंदाची दोन-चार झाडं, वाफे. आमची रांग सगळ्यात शेवटची, थेट रुळांकडची. अठरा बागा. मला वाटलेलं बाग म्हणजे मोकळेपणा, पण तिथे आमच्या गावच्या शाळेपेक्षा जास्त नियम. दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. कुंपणाची मेंदी छातीच्या वर जाता कामा नये. समितीचे अध्यक्ष हेर पेत्सोल्ड, हेर म्हणजे आपलं श्रीयुत, खुणा केलेली काठी घेऊन फिरायचे आणि मेंदी मोजायचे. फ्राऊ हार्म्सना दर वर्षी त्यांचं एक पत्र यायचं, कारण बागेचा मागचा कोपरा त्यांनी तसाच सोडला होता. तिथे कुजके ओंडके, जुन्या भिंतीचे दगड, वाळूचा ढीग, काटेरी जाळी, आणि ब्रेनेसेल नावाचं एक झुडूप, आपल्या खाजकुयलीची जर्मन बहीण. पत्र आलं की त्या वाचायच्या, घडी घालायच्या आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवायच्या.

त्या कोपऱ्यात त्यांचे "भाडेकरू" राहायचे. सरडे. जर्मनमध्ये त्साउनआयडेक्से. बोटभर लांबीचे, पाठीवर तपकिरी नक्षी. वसंतात नरांच्या कुशी अशा हिरव्या व्हायच्या की कोवळ्या ज्वारीची पात आठवावी. आमच्या गावी सरडा दिसला की पोरं आधी दगड शोधायची. इथे ही सत्तर वर्षांची बाई उलट्या खोक्यावर बसून तासतासभर त्यांच्याकडे बघायची आणि मला बाजूच्या खोक्यावर बसवायची.

"बस. हलू नकोस."

"काय बघायचं?"

"काही नाही. ऊन."

दहा मिनिटं ऊन बघितलं की ओंडक्याच्या फटीतून एक डोकं बाहेर यायचं. मग दुसरं. त्यांचे गळे श्वासानं हलायचे. माझ्या डोक्यात सोमवारची असाइनमेंट असायची, आणि मनात एकच विचार: बिचारीला मूलबाळ नाही, म्हणून सरडे.

खरं सांगायचं तर त्या खोक्यावर मला फार लवकर बरं वाटायला लागलं, पण ते कबूल करायला मी तयार नव्हते. मे महिन्यात रुळांच्या झाडीतून नाख्टिगाल, म्हणजे इंग्रजीतली नाइटिंगेल, गायची, दिवसाढवळ्या, मालगाडीच्या आवाजावर मात करून. संध्याकाळी परतताना सायकलवर तोंड मिटून बसावं लागायचं, नाहीतर चिलटं घशात. हल्ली त्याच रस्त्यानं मी गाणं म्हणत सायकल चालवू शकते, एक चिलट तोंडात जात नाही. कोणाला हे सुख वाटेल. मला दरवेळी दारं उघडी टाकून माणसं निघून गेलेल्या घरातून गेल्यासारखं वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर रात्री थंड ब्रोट, चीज आणि काकडी. गरम भाकरीच्या आठवणीनं मी पहिले दोन महिने रडले. मग एका शनिवारी वाफ्यातून उपटून टाकलेला गिअर्श नावाचा पाला वासानं ओळखीचा वाटला. घरी नेऊन लसूण, मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून त्याची भाजी केली. फ्राऊ हार्म्सनी घास घेतला, थांबल्या.

"युद्धानंतर आम्ही हेच खायचो. परत खावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"वाईट झालीय का?"

"तेव्हा लसूण नव्हता," म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. त्यानंतर दर शनिवारी रात्री गिअर्शची भाजी ठरलेली. उपटायचं काम मात्र मलाच.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सगळ्या रांगेला पालिकेचं पत्र आलं. रुळांच्या कडेनं नवा जोडरस्ता आणि गाड्यांचा तळ होणार, अठरा बागा शरदापर्यंत रिकाम्या करायच्या. कोलोनीच्या वकिलानं एकच वाट दाखवली. हे सरडे कायद्यानं संरक्षित आहेत. ते या बागांमध्ये राहतात असं तज्ज्ञाच्या अहवालात आलं, तर रस्ता पलीकडच्या पडीक जागेतून न्यावा लागेल. अठरा बागांपैकी सरडे होते फक्त फ्राऊ हार्म्सच्या कोपऱ्यात. बाकी सगळ्यांनी हेर पेत्सोल्डांचं ऐकलेलं होतं. ते स्वतः आमच्या दारात आले, टोपी हातात.

"फ्राऊ हार्म्स, तो तुमचा कोपरा..."

"हो, पत्र मिळालं तुमचं."

"ते पत्र विसरा," म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या बायकोनं याच रांगेत तीस वर्षं गुलाब लावले होते.

तज्ज्ञ एप्रिलमधल्या पहिल्या उबदार सकाळी येणार असं ठरलं. नेमकी त्याच आठवड्यात फ्राऊ हार्म्सच्या बहिणीची हॅम्बर्गला खुब्याची शस्त्रक्रिया निघाली. जाताना त्यांनी मला किल्ली दिली आणि म्हणाल्या, "तो आला की फाटक उघड, कॉफी दे. बाकी त्याचं तो बघेल."

आता माझ्या अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा माणदेशातल्या आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. तपासणीला साहेब येणार असं कळलं की आठवडाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नसायचं. मैदान झाडायचं, झाडांची खोडं गेरू-चुन्यानं रंगवायची, फाटकापासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंनी फक्कीची सरळ रेघ मारायची. मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली दोरी धरून उभी राहायचे. साहेब आले की पहिल्यांदा त्या रेघेकडे बघायचे आणि मान हलवायचे. "जागा बघून साहेब मानूस वळखतो," अण्णा म्हणायचे. माझ्या शिक्षणाआधी मला जे शिकवलं गेलं ते हे.

तेव्हा तुम्हीच सांगा, साहेब येणार, अठरा घरांच्या बागा त्याच्या एका कागदावर अवलंबून, आणि त्याला दाखवायचं काय? कुजके ओंडके? शिवाय मी हुशार. मी विचार केला की त्या अडगळीत सरडे दिसणार कसे? जागा मोकळी केली तर लांबूनही दिसतील. दोन दिवस मी विद्यापीठात गेले नाही. जाळी कापली. ब्रेनेसेल मुळासकट काढलं, हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. ओंडके ढकलगाडीत घालून रस्त्याच्या कडेच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकले. दगड धुतले, हो, ब्रशनं धुतले, आणि चौकोनी ओटा रचला. वाळू सपाट केली. ओंडके हलवताना दोन-तीन सरडे अजून थंडीनं जड झालेले, कसेबसे सरपटत कुंपणाखालून रुळांच्या खडीकडे गेले. मी त्यांना मराठीत म्हटलं, "जा बाबांनो, जरा बाजूला थांबा. साहेब आले की या." मग खोपट्यातली मातीत घालायची चुन्याची पिशवी काढली, सुतळी बांधली, आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या. अण्णांनी बघितल्या असत्या तर पाठ थोपटली असती.

तज्ज्ञ माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा, दाढीवाला, गमबूट घातलेला. फाटकातून आत आला आणि रेघेपाशी थांबला. साहेब थांबले! मला गावची आठवण आली. तो हळू चालत कोपऱ्यापर्यंत गेला, दगडांच्या ओट्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच राहिला. मी कॉफी घेऊन उभी. त्यानं दगड उचलून खाली बघितलं. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला कळलं, काहीतरी चुकलंय.

"इथे आधी काही होतं का?" त्यानं विचारलं. "लाकडं, जाळी, असं काही?"

मी पदवीधर. घराण्यातली पहिली. पाणी आणि मातीची परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेली. सरडा घर कशाला म्हणतो हे मला माहीत नव्हतं, असं या माणसासमोर मी म्हणणार होते?

"नाही," मी म्हटलं. "नेहमी असंच असतं."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. कॉफी पूर्ण प्यायला, आभार मानले आणि गेला.

फ्राऊ हार्म्स परत आल्या त्या स्टेशनवरून थेट बागेत. मी फाटकातच सगळं सांगून टाकलं, साफसफाईचं आणि खोटं बोलल्याचंही, रडत, अर्धं मराठीत. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, ओरडल्याही नाहीत. कोपऱ्यापर्यंत गेल्या, खोकं शोधलं. ते मी धुऊन खोपट्यात ठेवलं होतं. ते आणलं, मांडलं, बसल्या. मी मागे उभी. मागे न बघता म्हणाल्या, "आल्झो, बरं. ओंडके कुठे टाकलेस?"

ढिगावरचे ओंडके महापालिकेची गाडी घेऊन गेली होती. आम्ही दुसरे आणले, जाळी परत रचली, दगड विस्कटले. फोन त्यांनीच केला, आणि तो तज्ज्ञ मे महिन्यात पुन्हा आला. फाटकात मला बघितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली, त्या खोट्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. त्या दिवशी त्याला चार सरडे सापडले. कुंपणापलीकडे, रुळांच्या खडीत, रेल्वेच्या हद्दीत. आमच्या बाजूला एकही नाही. अहवालात जे बघितलं तेच लिहिता येतं. बागेत आढळले नाहीत, असं आलं.

त्या रविवारी मी गावी हेडमास्तरांच्या घरी फोन लावला, अण्णांना बोलावून घेतलं आणि सांगितलं. लाइनवर खरखर होती.

"आगं पोरी," म्हणाले, "तपासणीच्या आदल्या दिशी म्या काय करायचो, तुला ठावं न्हाई. तू दोरी धरायचीस, पर वर्गात न्हाई यायचीस. आढ्याची समदी चिमण्यांची घरटी काठीनं पाडायचो. पिल्लांसकट. हेडमास्तर म्हनायचे, साहेबाच्या डोक्यावर काडी पडाय नगं."

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं, अण्णा?"

"नोकरी व्हती," म्हणाले. मग, खरखरीतून: "आता स्लॅब पडलाय शाळंला. चिमण्या येत न्हाईत. आता समदं सोच्छ हाय."

जूनमध्ये कोलोनीच्या सभागृहात रुळांकडच्या रांगेची शेवटची सभा झाली. सभागृह म्हणजे पत्र्याची मोठी खोली, भिंतीवर भोपळ्याच्या स्पर्धेची बक्षिसं. बायकांनी केक आणले होते, कारण केकशिवाय तिथे वाईट बातमीसुद्धा देत नाहीत. हेर पेत्सोल्डांनी अहवाल वाचून दाखवला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "पण सरडे होते. मी स्वतः बघितलेत. तो कोपरा साफ कोणी केला?"

माझ्यासमोर रुबार्बचा, म्हणजे आंबट लाल देठांचा, केक होता. मी त्यातली रुबार्बची एक फोड काट्यानं ढकलत राहिले. माझ्या शेजारून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फ्राऊ हार्म्स उभ्या राहिल्या.

"मी," म्हणाल्या. "कोपरा माझा आहे. मी साफ केला."

"तुम्ही?" हेर पेत्सोल्डांचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी पत्रं पाठवतोय, आणि नेमकं या वर्षी ऐकलंत?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फ्राऊ पेत्सोल्ड रुमालानं डोळे टिपत होत्या. मी उठू शकले असते. दोन शब्द होते, जर्मनमध्येही मला ते येत होते. मी उठले नाही.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, "तुझी परीक्षा व्हायची आहे अजून. माझी कसलीच राहिलेली नाही." मग थोडं चालून, जरा चिडून: "आणि त्या कोपऱ्याची जबाबदारी माझी होती. किल्ली मी दिली. काय करू नकोस हे सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते सगळ्यांना माहीत असतं."

माझी परीक्षा झाली. चांगली झाली. नोकरी लागली, लग्न झालं, हे पुण्याहून आले, लेक झाली. फ्राऊ हार्म्सकडे दर रविवारी जायचे, नंतर त्यांना ठेवलं त्या वृद्धाश्रमात जायचे. शेवटच्या वर्षी त्यांना माझं नाव आठवत नसे, पण भाजीच्या डब्याचं झाकण उघडलं की म्हणायच्या, "लसूण." त्या सभेबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. रुळांकडे आता गाड्यांचा तळ आहे. त्याच्या कडेनं लव्हेंडरची एक सरळ पट्टी लावलीय आणि मधमाश्यांसाठी असल्याचा फलक. मधमाश्या येतातही, पाच-सहा. मी कधीकधी मुद्दाम तिकडून जाते, गाडी लावायला नाही, नुसती उभी राहायला. आमचा कोपरा कुठे होता ते नक्की सांगता येत नाही. नाख्टिगाल जिथे गायची ती झाडी तर रस्ता आखताना पहिल्यांदा गेली.

गेल्या वसंतात ट्रामच्या थांब्यावर हेर पेत्सोल्ड भेटले. नव्वदीच्या घरात, काठी अजून हातात, पण आता टेकायला. बायको गेली म्हणाले. मग बाकीच्यांची चौकशी, कोण कुठे, कोण उरलं. मग म्हणाले, "आणि तुमची फ्राऊ हार्म्स. हट्टी बाई."

मी त्यांना मध्येच तोडलं. इतकी वर्षं तोंडात धरलेलं वाक्य बाहेर येताना फार साधं निघालं. "हेर पेत्सोल्ड, तो कोपरा त्यांनी साफ केला नव्हता. मी केला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पाणावलेले, पण म्हाताऱ्या माणसांचे असतातच.

"गेनाऊ, बरोबर," म्हणाले. "ठाऊक होतं. सगळ्या रांगेला ठाऊक होतं. बागेवरून जाता-येता दोन दिवस आम्ही तुम्हाला राबताना बघत होतो. आम्हाला वाटलं, हार्म्सबाईंनीच सांगितलं असणार."

"मग त्या सभेत कोणी बोललं का नाही?"

त्यांची ट्राम येत होती. काठी सावरत ते उठले.

"आम्ही थांबलो होतो," म्हणाले, "तुम्ही उठाल म्हणून."

दार उघडलं. ते चढले. ट्राम माझीही तीच होती. मी पुढच्या ट्रामनं गेले.